चुनखडीवरची काळी माती

पहिल्या वर्षी बायकोने घट बसवलाच नाही, कारण माती नव्हती.

म्हणजे माती होती. आम्ही २०१२ साली ख्राइस्टचर्चला आलो तेव्हा शहरात मातीच माती होती, पण ती आदल्या वर्षीच्या भूकंपात जमिनीखालून उसळून वर आलेली राखाडी रेती होती. आमच्या भाड्याच्या घरामागे तिचा थर वाळून बसला होता आणि पाऊस पडला की त्याला फुटलेल्या गटारांचा वास यायचा. देवापुढे ही माती घालायची म्हटल्यावर बायकोने नाक मुरडलं. मग आम्ही बागेच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे मातीची पोती रचून ठेवली होती. बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, बारीक अक्षरं वाचायची तिला सवय आहे. तिने एका पोत्यावरचं वाचलं आणि हात मागे घेतला.

"अहो, यात रक्त आणि हाडांचा चुरा आहे."

"खत म्हणून घालतात."

"कुणाच्या हाडांचा?"

"गुरांच्या असेल. कत्तलखान्यातून येतो."

गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "राहू दे. नुसता कलश ठेवते."

यात माझी लाज होती. मी मातीचा माणूस. बार्शीकडचा जन्म, कृषी महाविद्यालयात मातीच शिकलो आणि इथे एका छोट्या कंपनीत मेंढपाळीच्या रानांचे मातीचे नकाशे करायचं काम मला मिळालं होतं. आठवड्याचे पाच दिवस मी माती उकरत होतो आणि घरी घटाला मूठभर माती नव्हती.

पुढच्या वर्षी ती मिळाली. ख्राइस्टचर्चहून पश्चिमेला गेलं की सपाटी संपते, घाट चढावा लागतो आणि पलीकडे उंचावर एक मोठं उघडं खोरं लागतं. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, वसंतातही रात्री जमीन गोठते. झाड जवळजवळ नाही. टसॉक नावाच्या पिवळ्या गवताचे झुबके, मेंढ्या आणि मधूनमधून डोकं वर काढलेली पांढरी चुनखडी. त्या रानाची मालकीण सत्तरीकडे झुकलेली बाई होती. नवरा गेलेला, मेंढ्यांचं काम मुलगा बघायचा. नकाशा करायला गेलो तेव्हा तिने मला आधी स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकीतून समोरचा उतार दाखवला.

तो उतार एके काळी सशांनी आणि मेंढ्यांनी खाऊन पार उघडा पाडला होता. तिने आणि नवऱ्याने तो कुंपण घालून बंद केला. त्यानंतर वर्षानुवर्षं ती तिथे टसॉकची रोपं लावत होती. जवळपास सगळा उतार पुन्हा गवताखाली आला होता, फक्त मधोमध, रस्त्याच्या फाटकाजवळ, एक पांढरा पट्टा राहिला होता. तिथे माती उडून जाऊन दगड उघडा पडला होता.

"माझे गुडघे गेलेत," ती म्हणाली. "काही वर्षांत मला गावात जाऊन राहावं लागणार. त्याआधी ते पांढरं मिटलेलं बघायचंय. बाकी काही नको."

मी त्या पट्ट्याच्या कडेला गेलो आणि थबकलो. पांढऱ्या दगडावर काळी माती होती. आमच्या बार्शीकडे असते तशी काळी, भुसभुशीत, रवाळ. बोटांत चोळली तर तोच स्पर्श. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग मी गिरमिट लावलं. वीतभर गेलं आणि टक् करून दगडावर आपटलं. दुसरीकडे लावलं, तिथे तेवढंही नाही. नियमाप्रमाणे आम्लाचा थेंब टाकला, माती फसफसली. खाली चुनखडी, वर तिचा उरलेला गाळ, बस एवढंच. आमच्याकडे उन्हाळ्यात शेताला भेगा पडत तेव्हा लहानपणी त्यांत हात घातला तर खांद्यापर्यंत आत जायचा. काळी म्हणजे खोल, काळी म्हणजे न संपणारी, हे आम्ही शाळेत जायच्या आधी शिकतो. इथे काळी म्हणजे एका दगडावर पसरलेलं कातडं होतं.

हे मला माहीत होतं. चुनखडी विरघळून जाते आणि मागे जवळपास काहीच उरत नाही, त्या काहीच-न-उरण्यातून एवढी माती साचायला किती काळ जातो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि तरी निघताना मी त्या बाईला विचारलं की आमच्या एका पूजेसाठी थोडी माती नेऊ का.

"किती?"

मी गाडीतला आइस्क्रीमचा रिकामा डबा दाखवला.

ती हसली. "एवढी ने की."

मी पट्ट्याच्या कडेचीच माती घेतली, कारण तिथे ती उघडी होती, खणावं लागत नव्हतं. कड हाताने ओढली की ढासळत होती. डबा भरायला काही वेळ लागला नाही.

त्या नवरात्रात आमच्याकडे घट बसला. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे वसंत असला तरी थंडी असते, कोंब येत नाहीत, म्हणून बायकोने घट खोली गरम करणाऱ्या हीट पंपाच्या बरोबर खाली ठेवला. चुना, ऊब आणि ओल. गहू असा काही तरारून आला की आठव्या माळेला कलश दिसेना. आरतीला आलेल्या बायका बघतच राहिल्या. त्यांत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष होत्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाई, मला भाऊजी म्हणतात, मी त्यांना ताई म्हणतो.

"भाऊजी, ही माती कुठली? आमचा गहू तर कुजला."

"डोंगरावरची आहे. काळी."

"काळी माती? न्यूझीलंडमध्ये? आणि आम्हाला सांगितलं नाहीत!"

मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. इथे आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मंडळात सगळे सॉफ्टवेअरमधले, पूल बांधणारे किंवा डॉक्टर. एकत्र जमले की घरांचे भाव आणि शाळांचे झोन. माती तपासतो म्हटलं की लोक 'अच्छा अच्छा' म्हणून समोशाकडे वळायचे. आता अचानक मी मातीवाले भाऊजी झालो. पुढच्या वर्षी दोन-तीन घरांसाठी मी डबे भरून आणले. त्याच्या पुढच्या वर्षी लोक म्हणाले, तुम्ही कशाला आणता, आम्हीच येतो, पोरांना बर्फ पण दिसेल. मी मंडळाच्या ग्रुपवर फाटकाची जागा टाकली. एका रविवारी गाड्यांची रांग घाट चढून गेली. मी त्या रांगेत पहिला होतो.

त्या रविवारी सगळे तयारीने आले होते. कुणी बादली आणली होती, कुणी पोरांची समुद्रावर खेळायची फावडी. बायका साडीवर जाड जॅकेट घालून पट्ट्याच्या कडेला बसल्या होत्या आणि काळी माती ओंजळीने ओढत होत्या. "काय सुंदर आहे गं, बुक्क्यासारखी!" एकीने कपाळाला लावली. फोटो निघाले. पुरुष फाटकाला टेकून थर्मासमधला चहा पीत होते. मी मधे उभा राहून सगळ्यांना समजावून सांगत होतो, की बघा, हिचा रंग काळा का, हिचे रवे कसे. व्याख्यान चांगलं झालं. फक्त ही किती पातळ आहे एवढं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर व्याख्यान तिथेच संपलं असतं.

त्या बाईला आम्ही विचारलं नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, एका डब्यापुरतं. तेवढ्यावर आम्ही सगळे आत शिरलो. त्यानंतर लोक माझ्याशिवायही जाऊ लागले. नवरात्रच कशाला, कुणी कढीपत्त्याच्या कुंडीला, कुणी तुळशीला.

पुढच्या हिवाळ्यात कामासाठी पुन्हा त्या रानात गेलो. बाईने चहा दिला आणि खिडकीकडे बोट केलं. पांढरा पट्टा आता पट्टा राहिला नव्हता. तो फाटकापासून वर पसरला होता, अंगावर कोडाचा डाग पसरतो तसा.

आम्ही दोघं तिथे चालत गेलो. ती काठी टेकत, सावकाश. सकाळचं ऊन अजून पोचलं नव्हतं. उरलेल्या मातीच्या कडेला बर्फाच्या बारीक सुया उभ्या होत्या. रात्री मातीतलं पाणी गोठतं, सुया वर येतात आणि डोक्यावर मातीचे कण उचलून धरतात. ऊन आलं की वितळतात, माती सुटी होऊन पडते आणि दुपारी वायव्येचा वारा ती घेऊन जातो. गवताच्या मुळांनी बांधलेली कड हे सहन करते. आम्ही नेमकी ती कड ओरबाडली होती. जेवढी आम्ही नेली त्याहून कितीतरी जास्त थंडीने आणि वाऱ्याने नेली होती. तिने लावलेले टसॉकचे झुबके मुळं उघडी पडून आडवे झाले होते.

"तुमचे लोक भले आहेत," ती म्हणाली. "हात हलवतात मला. एकदा फाटकावर मिठाई ठेवून गेले." मग काठीने एक आडवा झुबका उचलून बघितला आणि टाकून दिला. "तुझा देव दर वर्षी ताजी माती मागतो का?"

मी सॉरी म्हणालो. तिने मान डोलावली, जशी एखाद्याच्या शिंकेला डोलावतात.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, कृपया तिथली माती आणू नका, तो उतार धोक्यात आहे. खाली हात जोडलेले आले, अंगठे आले. एकाने लिहिलं, 'साहेब, डोंगर संपणार आहे का?' त्यावर बरेच हसरे चेहरे आले. मी पुढे काही लिहिलं नाही. नवरात्राच्या आधीच्या शनिवारी लोक जाऊन माती घेऊन आले होते, हे मला नंतर कळलं. माझ्या बायकोला एका मैत्रिणीने आपल्यातली दिली होती. "तुम्ही आणणार नव्हता ना," बायको म्हणाली, आणि मी तेही चालवून घेतलं.

भोंडला शहरातल्या रिकार्टन भागातल्या एका हॉलमध्ये होता. मधे पाटावर हत्ती, भोवती बायका आणि मुली. आमची मुलगी गाणी म्हणते, अर्थ विचारला तर "आय डोन्ट नो बाबा, सम सासू स्टफ" म्हणते. भोंडला झाला, खिरापत ओळखून झाली, दडपे पोह्यांच्या वाट्या हातात आल्या. ताई माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, या वर्षी तर कमाल! तिसऱ्या माळेलाच कोंब वर. तुमच्या मातीला तोड नाही."

"ती माझी माती नाही, ताई."

"अहो, शोध तर तुमचाच ना!"

"दसरा झाला की सगळ्यांनी ती परत नेऊन घालायची का? मी गाड्यांची व्यवस्था करतो."

"परत?" त्या हसल्या. "घटाची माती परत नेतात होय? विसर्जन करतात."

मागून एक जण म्हणाला, "डोंगराकडून पावती घेतली होती का रे?" सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मला तो उतार दिसत होता, कपाळाला लावलेली ती माती दिसत होती आणि माझ्या हातातल्या पोह्यांचीसुद्धा मला किळस आली.

"चुनखडी कशाची होते माहीत आहे का तुम्हाला?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "समुद्राच्या तळाशी मेलेल्या जनावरांची. शिंपल्यांची, किड्यांची, हाडांची. त्यांचे थर साचून दगड झाला, दगड विरून ही माती. दुकानातल्या पोत्यात मूठभर हाडं असतात म्हणून तुम्ही ते घेत नाही. यात दुसरं काही नाहीच. सगळं मढंच आहे."

मला वाटलं होतं, आता ते त्या मातीचं वय मोजतील, थोडे शरमतील, परत द्यायला तयार होतील. आपल्या माणसांना मी इतकं कमी ओळखत होतो.

एका आजींनी वाटी खाली ठेवली. ताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण तेच माझ्या चेहऱ्यावर होतं, फक्त वेगळ्या कारणासाठी.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं देवीच्या खाली घालू दिलीत?"

गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती. मुलीने विचारलं, "सो इट्स लाइक डेड फिश? दॅट्स सो ग्रॉस." घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाकीच्यांचं सोडा. मला सांगता आलं असतं ना? त्या पोत्यापाशी मी काय म्हणाले होते, तुम्ही शेजारीच उभे होता."

होतो. आणि पुढे डबा भरतानाच ही माती कशाची, हे मला माहीत होतं. तिचा घट बसावा म्हणून मी गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खरं म्हणजे ती त्या डब्याकडे बघून जशी खूश झाली होती, ते मला मोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी बादल्या घेऊन घरोघर गेलो, निदान असेल ती माती गोळा करावी म्हणून. पहिल्याच घरी तिथल्या वहिनीने मला मागच्या दारी नेलं आणि हिरव्या झाकणाचा कचऱ्याचा डबा उघडून दाखवला. ओला कचरा टाकायचा डबा. आत कांद्याची सालं, चहाचा चोथा, नवऱ्याने उपासाच्या दिवसांत बाहेरून आणून खाल्लेल्या तळलेल्या कोंबडीची हाडं, आणि त्यांवर उपडी झालेली परडी. काळी माती, पिवळे कोंब, वर अळ्या वळवळत होत्या.

"काल रात्रीच टाकलं, भाऊजी," ती म्हणाली. "घरात ठेववेना."

हाडं आहेत म्हणून तिने ती हाडांवर टाकली होती. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. एका ठिकाणी मी डब्यात हात घातला आणि वरची माती ओंजळीने काढायला लागलो. बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागलं. मी त्यांच्या हिरवळीवर ओकलो. त्या घरचा माणूस पाण्याची नळी घेऊन आला आणि म्हणाला, "अहो, तुमचं काय चाललंय काय?"

बायकोने मात्र घट हलवला नाही. दसऱ्यापर्यंत दिवा जळत ठेवला, मातीला हात न लावता माळा बांधल्या. दसऱ्याला आइस्क्रीमचा डबा माझ्यापुढे ठेवला. "घ्या. त्या बाईंची त्यांना नेऊन द्या."

मी तो डबा घेऊन घाट चढलो. बाईने झाकण उघडून बोटाने उकरलं. "यात गहू आहे."

"मी निवडून काढतो."

"आणि शहरातलं आणखी काय काय असेल कुणास ठाऊक. नको." तिने झाकण लावलं. "आलाच आहेस तर वर काहीतरी अंथरायला मदत कर. उघडं राहिलं तर या वसंतात उरलेलंही जाईल."

अंथरायला होती घाणेरडी लोकर. मेंढीच्या ढुंगणाला शेण-मूत चिकटून लोंबते, कातरताना आधी कापून टाकतात, ती. इथे त्या गोळ्यांना डॅग म्हणतात. त्यांचा ढीग चुनखडीतल्या एका खोल विवराजवळ होता आणि त्या विवरात ते मेलेल्या मेंढ्या टाकत. वास असा होता की डोळ्यांतून पाणी यायचं. मुलगा ट्रेलरने पोती आणून द्यायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. मी गुडघ्यांवर बसून ती लोकर उघड्या दगडावर आणि कडांवर पसरायचो आणि तारेचे आकडे ठोकायचो. जिथे वीतभरही माती नाही तिथे आकडा बसत नाही, वाकतो. त्या उन्हाळ्यात कित्येक शनिवार मी हे केलं. घरी आल्यावर बायको गॅरेजमध्येच कपडे काढायला लावायची. शाम्पू संपला तरी केसांचा वास जात नसे. जेवताना मी हातांकडे बघायचो नाही.

हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. त्यात मला कधी बरं वाटलं नाही. वाटायला लागलं की मी बादल्यांच्या रविवारची आठवण काढायचो.

पुढच्या नवरात्राआधी ताईंचा मेसेज आला, बऱ्याच महिन्यांनी. 'भाऊजी, राग विसरा. हाडं नसलेली माती कुठे मिळेल, सांगाल का?' मी फोन उपडा ठेवला. बायकोने त्या वर्षी पुन्हा नुसता कलश ठेवला.

त्याच वसंतात ती बाई गावात राहायला गेली. निघण्याच्या दिवशी मी गेलो होतो. स्वयंपाकघर रिकामं होतं, खिडकीला पडदा नव्हता. समोरचा उतार पूर्ण दिसत होता. गवताच्या मधोमध, फाटकापासून वरपर्यंत, माझी लोकर पसरली होती. पावसाने आणि बर्फाने ती काळपट-तपकिरी झाली होती, जागोजागी फुगलेली, उसवलेली. लांबून एखादी अवाढव्य मेंढी तिथे मरून सडत पडल्यासारखी दिसत होती. सकाळी मी एका कोपऱ्यात ती उचलून पाहिली होती. खाली माती होती. सुया नव्हत्या. हिरवं काही नव्हतं.

"काही आलं?" तिने विचारलं.

"नाही. माती आहे तिथेच आहे."

ती खिडकीच्या काचेजवळ गेली. मुलाने बाहेर गाडीचा हॉर्न दिला.

"किती घाण दिसतंय," ती म्हणाली. मग काठी उचलली. "पण पांढरं दिसत नाही."

मी तिला पायऱ्यांवरून उतरवायला हात पुढे केला. तिने तो धरला नाही, कठड्याला धरून उतरली.